पिशवीतली गाठ, कपाटातल्या बाटल्या आणि अंगातलं रक्त

प्रश्न : माझं वय ४४. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे. दीड वर्षापासून पाळीत खूप अंगावरून जातं, आठ-नऊ दिवस चालतं. वर्ग सोडून सारखं उठता येत नाही, म्हणून त्या दिवसांत मी गडद रंगाचीच साडी नेसते. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या भिंतीत साडेचार सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ निघाली. हिमोग्लोबिन ८.६ आहे. "पिशवी काढून टाका" असा सल्ला मिळाला, तेव्हापासून मी धास्तावले आहे. पुण्याच्या जाऊबाईंनी ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या आहेत, त्यांनी गाठ विरघळते म्हणे. दिवसाला दोन घेते, म्हणजे ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य द्रव्य) ८०० मिलिग्रॅम. शिवाय ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा आणि कांचनार गुग्गुळ. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला घट्ट होत होतं, त्या बंद केल्या. ऑपरेशन टळेल का? (नाव छापू नये. बार्शी)

उत्तर : बाई, तुमच्या पत्रात मला गाठीपेक्षा ८.६ या आकड्याची जास्त काळजी वाटली. गर्भार नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय समजायचा, आणि ८ ते ११ म्हणजे मध्यम प्रतीचा. जिना चढताना धाप लागणं, दुपारनंतर फळ्याजवळ उभं राहवत नाही असं होणं, केस गळणं यातलं काही होत असेल तर ते बहुतेक रक्त कमी असल्यामुळे. तुम्ही घेत होता त्या सगळ्यांत ज्या गोळीची गरज पक्की होती, तीच नेमकी बंद झाली आहे.

म्हणून आधी लोह. ते पुन्हा सुरू करा, पण रोज नको, एक दिवसाआड एक गोळी घ्या. लोहाची गोळी घेतली की शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि साधारण दिवसभर ते पुढचं लोह आतड्यातच अडवतं. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह रोजच्या गोळीपेक्षा जास्त प्रमाणात शोषलं जातं. पोटाचा त्रासही सहसा कमी होतो. गोळी सकाळी उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि चहा निदान तासाभराने. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती रात्री. शौच काळं होईल, घाबरू नका. महिन्याभराने हिमोग्लोबिन तपासा. निदान एक ग्रॅमनेही वाढलं नसेल, तर जितकं येतंय त्याहून जास्त जातंय असं समजून डॉक्टरांना शिरेतून लोह देण्याबद्दल विचारा. गोळी सोसतच नसेल तरी तोच मार्ग. आकडा १२ वर आला म्हणून लगेच थांबू नका. साठा भरायला पुढे तीनेक महिने लागतात. फेरिटिनची तपासणी करून घेतलीत तर तो साठा किती आहे हेही कळेल.

आता जाऊबाईंच्या कॅप्सूल. त्यांचा हेतू चांगला आहे, आणि ही गोष्ट अगदी हवेतली नाही. इजिप्तमध्ये झालेली एक चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात रोज ८०० मिलिग्रॅम ग्रीन टीचा अर्क घेणाऱ्या बायकांच्या गाठी चार महिन्यांत सुमारे एक तृतीयांशाने लहान झाल्या आणि त्रासही कमी झाला. पण चाचणी शेवटपर्यंत पूर्ण करणाऱ्या बायका होत्या अवघ्या ३३. एवढ्यावर मी कुणाला "ऑपरेशन टळेल" असं सांगणार नाही. दुसरीकडे, युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सांगितलं की पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी गेलं, तर यकृताला इजा झाल्याची चिन्हं रक्तात दिसू लागतात. तुमचा डोस बरोबर त्याच रेषेवर आहे. आणि तुमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चहातली ही द्रव्यं लोहाला बांधून ठेवतात. गाठीसाठी घेतलेली कॅप्सूल तुमचं रक्त भरू देणार नाही. ती बंद करा आणि यकृताची तपासणी एकदा करून घ्या. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. साधा कपभर ग्रीन टी आवडत असेल तर खुशाल प्या, फक्त लोहाच्या गोळीजवळ नको.

ड जीवनसत्त्व कमी असलेल्या बायकांमध्ये फायब्रॉइड जास्त आढळतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. कमतरता भरून काढल्यावर गाठीची वाढ मंदावते असं काही छोट्या चाचण्या सांगतात. अंगावरून जाणं त्याने थांबेल असं मात्र म्हणता येत नाही. तुमची पातळी मोजली होती का? पत्रात उल्लेख नाही. कमी असेल तर आठवड्याला एक पुडी साधारण आठ आठवडे, मग डॉक्टर सांगतील तशी, बहुधा महिन्याला एक. हीच पुडी रोज घेणाऱ्या बायका मी कराडच्या माझ्या दवाखान्यात पाहिल्या आहेत. उलट्या, गोंधळलेपण, रक्तात कॅल्शियम चढलेलं, मूत्रपिंडावर ताण. औषधाच्या दुकानात सहज मिळते म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही.

कांचनार गुग्गुळ आयुर्वेदात ग्रंथींवर पूर्वापार दिला जातो. फायब्रॉइडवर त्याच्या मोठ्या, काटेकोर चाचण्या झालेल्या नाहीत. घ्यायचाच असेल तर शिकलेल्या वैद्यांकडून, नावाजलेल्या कंपनीचा, आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं सांगून. लेबल नसलेली पुडी घेऊ नका. बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. "सात दिवसांत गाठ गायब" अशी जाहिरात दिसली तर लक्षात ठेवा, गर्भाशयाचे आणि पाळीचे विकार बरे करण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.

पिशवी काढायची धास्ती मला समजते. बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या किती सर्रास काढल्या गेल्या ते २०१९ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने वाचलं. ते वाचून मला आजही संताप येतो. तुम्ही दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत जरूर घ्या. साडेचार सेंटिमीटरची गाठ दिसली म्हणून लगेच गर्भाशय काढलंच पाहिजे असं नसतं. गाठ किती मोठी यापेक्षा ती कुठे आहे, आतल्या पोकळीत घुसली आहे का, यावर रक्तस्राव जास्त अवलंबून असतो. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या फक्त पाळीच्या जास्त जाणाऱ्या दिवसांत घेतात. त्यांत संप्रेरक नसतं, पण पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर त्या चालत नाहीत. पोकळीचा आकार बिघडलेला नसेल तर संप्रेरक सोडणारी तांबी बसवता येते. गर्भाशय राखून फक्त गाठ काढता येते. मोठ्या शहरांत गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचे उपचारही होतात. तुमचं वय पाहता गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला हवा का, तेही विचारा. फायब्रॉइडमध्ये कर्करोग फार क्वचित निघतो, पण या वयातल्या जास्तीच्या रक्तस्रावाला दुसरं कारण नाही ना, हे पाहायला हवं. पाळी गेल्यावर या गाठी बहुधा आकसतात, म्हणून पुढची काही वर्षं नीट निभावणं हा खरा प्रश्न आहे. त्यात गोळ्यांनी रक्त भरत राहणं हा फार मोठा भाग आहे. मोठं पॅड तासाभरात भरतंय आणि असे दोन-तीन तास गेले, किंवा भोवळ आली, तर शाळा सुटायची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : मलाही फायब्रॉइड आहे, त्रास नाही. सोयाबीन आणि अळिवाचे लाडू बंद करू का? (सातारा)

उत्तर : नको. जेवणातल्या सोयाबीनला घाबरायचं कारण नाही. सोयाच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र घेऊ नका. अळिवात लोह असतं, पण वनस्पतींतलं लोह आपल्या शरीरात कमीच उतरतं, म्हणून लाडवाबरोबर लिंबू किंवा आवळा असू द्या. वर्षातून एकदा सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिन करून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली आलं तर नुसत्या लाडवांवर भागणार नाही, गोळीही घ्यावी लागेल.