आजोबांच्या रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर कुणीतरी कापलंय, ते माझ्या नावावर होईल का?

जुळे सोलापूरहून एकाने विचारलंय. आजोबा वारल्यावर कपाटातून त्यांचं जुनं स्मिथ अँड वेसन निघालं, लायसन्सवर बोअर (नळीचं माप, इंचात) .४५५ लिहिलंय, पण गन हाऊसवाला म्हणाला सिलिंडरवर, म्हणजे गोळ्या बसतात त्या फिरत्या नळकांड्यावर, काम झालंय, यात .४५ ची गोळी बसते. आणि पुण्याचा एकजण "अँटिक आहे, लायसन्स कशाला" म्हणत रोख द्यायला तयार आहे.

पुणेकराला आजच नाही म्हणून टाका. आर्म्स अॅक्टमधली अँटिकची सूट फक्त दुरुस्त करूनही उडणार नाही अशा हत्याराला आहे, तुमचं तर ठणठणीत दिसतंय, म्हणजे विनालायसन्स विकलंत तर तुम्ही आणि तो दोघंही अडकाल.

आता सिलिंडरचं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी ही रिव्हॉल्व्हरं .४५५ मध्ये घेतली, पुढे त्यातली बरीच सरप्लसमध्ये, म्हणजे लष्कराला नको झालेला माल म्हणून, निघाली आणि .४५ ची गोळी सहज मिळायची म्हणून गनस्मिथ लोकांनी सिलिंडरची मागची बाजू घासून हाफ मून क्लिपला (गोळ्या बुडाशी एकत्र धरणारी अर्धचंद्राकृती पट्टी) जागा केली. खरी भानगड इथंय बघा, स्मिथच्या मोठ्या फ्रेमवर नंबर मुठीच्या तळाला असतो तसाच सिलिंडरच्या मागच्या तोंडावरही असतो, आणि घासलं की तो नंबर जातो. कलम ८ म्हणतं की नंबर खोडलेलं हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानेच खोडलं असं गृहीत धरायचं, उलट सिद्ध करायची जबाबदारी त्याची. म्हणून मुठीवरचा नंबर लायसन्सशी जुळतो का ते आधी बघा, आजोबांचं खरेदीचं बिल, नूतनीकरणाचे शिक्के सगळं शोधा. कारखान्यातून ते कोणत्या बोअरमध्ये निघालं याचं पत्र स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशन फी घेऊन देतं, ते हाती असलं की बदल नंतरचा आहे हे तरी दाखवता येतं.

बोअर बदलला म्हणून कॅटेगरी बदलली असंही समजू नका, .४५५ रिमवाली (बुडाला बाहेर आलेली कडा असलेली) गोळी असो की .४५ रिमलेस (तशी कडा नसलेली), दोन्ही प्रोहिबिटेड, म्हणजे एरवी मनाई असलेल्या बोअरमध्येच येतात, त्यामुळे वारस म्हणून लायसन्स मागायचं तर निर्णय दिल्लीत गृह मंत्रालयात होणार, इथं आयुक्तालयात नाही. मिळेलच असं मी सांगणार नाही.

पण ते नंतर. आजोबा गेले तसं ते तुमच्याकडे ठेवणं बेकायदा झालंय, कलम २१ प्रमाणे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे विनाविलंब जमा करा, गोळ्यासुद्धा. जाताना आजोबांचं लायसन्स आणि मृत्यूचा दाखला सोबत घ्या, आणि कृपा करून आधी टेस्ट म्हणून एक गोळी उडवून बघू नका. पावतीवर "जुने रिव्हॉल्व्हर एक नग" एवढंच लिहून घेऊन परत येऊ नका, मुठीवरचा नंबर, बॅरलची लांबी आणि "सिलिंडरची मागील बाजू घासलेली, जमा करण्यापूर्वीपासून" हे शब्द ठाणे अंमलदाराकडून लिहूनच घ्या, तो कंटाळा करेल तरी.