‘साम्पो’ म्हणजे संन्यास नव्हे

दक्षिण कोरियातल्या तरुणांवरच्या एका मराठी लेखात तिथल्या ‘साम्पो’ पिढीला ‘संन्यासी पिढी’ म्हटलंय, ते बरोबर का, असा प्रश्न आलाय. अजिबात नाही. मुळात ‘साम्पो’ही नाही; रोमन लिपीतला ‘पी’ बघून आपण फसतो. उच्चार ‘साम्फो’च्या जवळचा, फळातला फ.

साम म्हणजे तीन. फो हे ‘फोगी’चं, म्हणजे सोडून देण्याचं, पहिलं अक्षर. २०११ साली ‘क्योंगह्यांग’ दैनिकाच्या लेखमालेतून हा शब्द रुळला: प्रेम, लग्न आणि मूल या तिन्हींचा नाद सोडलेली पिढी. पुढे घर आणि नातीगोती धरून सोडलेल्या गोष्टी पाच झाल्या, मग सात, शेवटी आकडाच संपला आणि ‘एन-फो’ आलं; ‘एन’ म्हणजे कितीही.

खरी मौज पुढेच आहे. ‘फो’ ज्या चिनी अक्षराचा उच्चार आहे त्याचा अर्थ फेकणे, आणि आपल्या संन्यासातला ‘अस्’ धातूही फेकण्याचाच! एवढ्या आधारावर ‘संन्यासी’चं समर्थन होईल, पण ते टिकत नाही. संन्यास माणूस आपणहून घेतो. कोरियाच्या सांख्यिकी खात्याच्या २०२२ आणि २०२४ च्या सामाजिक पाहणीत लोकांनी लग्न न करण्याचं पहिलं कारण सांगितलं ते ‘लग्नापुरता पैसा नाही’. सोलच्या नोर्यांगजिनमध्ये स्पर्धापरीक्षेची तयारी करणारी मुलं ‘गोशीवोन’च्या, म्हणजे स्वस्त भाड्याच्या, खोलीत राहतात, तिथे कित्येकदा जागा इतकी तोकडी की पाय टेबलाखाली सारून झोपावं लागतं. अशा खोलीला कुटी म्हणायचं का?

मग मराठीत काय म्हणावं? कोशवाले पाणी सोडणे, तुळशीपत्र ठेवणे आणि तिलांजली देणे या तिन्हींपुढे ‘त्याग करणे’ लिहून मोकळे होतात. मला हे मुळीच मान्य नाही. पहिले दोन प्रयोग दानविधीतले. हातावर पाणी सोडायचं किंवा वस्तूवर तुळशीपत्र ठेवायचं, तर ती वस्तू आधी आपल्या मालकीची हवी. तिलांजलीचं तसं नाही. ओंजळीतलं तीळ घातलेलं पाणी द्यायचं ते गेलेल्या माणसाला. त्याला आपण मारलेलं नसतं, आपण फक्त निरोप देतो. म्हणून ‘पुढाऱ्याने तत्त्वांना तिलांजली दिली’ हे रोज छापलं जाणारं वाक्य मला खटकतं. धडधाकट तत्त्वांना कसली तिलांजली? साम्फोवाल्यांचं लग्न मात्र पैशाअभावी आधीच मेलेलं; त्याला त्यांनी दिली ती खरीखुरी तिलांजलीच. २०२३ मध्ये तिथला एकूण जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी होणारी मुलं, ०.७२ वर आला होता.