वाटेवरचे प्रश्न : अनामुडी, कुन्नूरची गाडी आणि सासूबाईंचे गुडघे

‘दक्षिणेतल्या डोंगरांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा’ असं मागच्या अंकात सहज म्हटलं, तर पिशवीभर पत्रं आली. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ज्यांनी फक्त ‘चांगलं हॉटेल सांगा’ एवढंच विचारलंय, त्यांनी मला माफ करावं, ते माझं काम नव्हे.

“बाई, मी तुमच्या नववी ‘ब’ची विद्यार्थिनी. डिसेंबरच्या सुट्टीत पाच दिवसांत उटी, कोडाईकनाल आणि मुन्नार करायचं म्हणतोय. मुलं दहा आणि सहा वर्षांची. जमेल ना?” – पुणे

जमेल गं, पण बघणार काय? गाडीच्या काचेवरची धूळ? उटी ते कोडाई अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. ऐकायला पुणे-कोल्हापूर वाटतं. पण तिथे एक अख्खा घाट उतरायचा, उन्हात सपाटीवर यायचं आणि दुसरा घाट चढायचा. सात-आठ तास धर. कोडाईहून मुन्नारला जाताना पुन्हा तीच कसरत, अजून पाच तास. धाकटं पोर दुसऱ्याच वळणाला पिशवी मागेल. नववीत नकाशावरच्या समोच्च, म्हणजे सारख्या उंचीच्या, रेषा शिकवल्या होत्या. रेषा दाटीवाटीने आल्या की चढ खडा, हे शिकवत होते तेव्हा तू मागच्या बाकावर काय करत होतीस?

माझं ऐक, फक्त निलगिरी कर, म्हणजे उटी-कुन्नूरचे डोंगर. पुण्याहून कोइम्बतूर गाठ, रात्री डोंगराच्या पायथ्याशी मेट्टुपालयमला मुक्काम कर आणि सकाळी सातच्या आधी स्टेशनावर हजर राहा. तिथून कुन्नूरवरून उटीला निलगिरीची डोंगरी रेल्वे जाते. 46 किलोमीटरला ही गाडी जवळजवळ पाच तास घेते. मोटारीने दोन तासांत पोचशील, पण मग मुलांना सांगणार काय?

कल्लार स्टेशनच्या पुढे दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी सुरू होते. इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकतं आणि गाडी एकदम हळू होते. ‘खट्, खट्’ असा आवाज बाकाखालून पायात चढतो. चढ इतका की 12 फूट पुढे गेलं की 1 फूट वर. इंजिन पुढून ओढत नाही, खालच्या बाजूने ढकलतं. त्यामुळे पहिल्या डब्याच्या तोंडाला काहीच नसतं, फक्त दरी. प्रत्येक डब्याच्या टोकाला छोटासा सज्जा असतो. तिथे ब्रेकवाला हातात झेंडे घेऊन उभा असतो आणि एकमेकांना झेंडे दाखवत ते सगळी गाडी सांभाळतात. मी गेले तेव्हा आमच्या डब्याचा ब्रेकवाला एका हाताने झेंडा आणि दुसऱ्या हाताने माकडं हाकलत होता. हिलग्रोव्हला इंजिन पाणी पितं, माणसं चहा पितात. कुन्नूरला वाफेचं इंजिन सुटतं आणि पुढे डिझेलचं लागतं. कुन्नूरपर्यंतचा मार्ग 1899 चा, उटीपर्यंतचा 1908 चा. 2005 पासून तो जागतिक वारशात आहे. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळी मोबाइल हातात घेऊनच बस.

एक इशारा. आपल्याकडे दिवाळी म्हणजे पाऊस संपला. तिथे तसं नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी वारे तमिळनाडूला झोडपतात आणि निलगिरीचा पूर्व उतार, म्हणजे नेमकी कुन्नूरची बाजू, त्यांच्या तोंडावर आहे. एका नोव्हेंबरात मी स्वतः मेट्टुपालयमच्या फलाटावर दोन पिशव्या आणि रिकामा थर्मास घेऊन बसले होते. रुळांवर दरड आली, गाडी रद्द. भूगोलाच्या बाईंची ही गत! डिसेंबरचा शेवटचा आठवडा बरा. उटीला पहाटे गवतावर दहिवर गोठून पांढरं झालेलं दिसेल. मुलांच्या कानटोप्या विसरू नकोस.

आणि हो, 2024 च्या मे महिन्यापासून उटी आणि कोडाईला खासगी वाहनाने जायचं तर ई-पास लागतो. तो ऑनलाइन निघतो, फुकट आहे. ड्रायव्हर ‘मी काढतो’ म्हणाला तरी तू बघून घे. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या नाक्यावर काढून घेतात, तेव्हा स्टीलच्या न्या.

“सासूबाई 72 वर्षांच्या. दोन्ही गुडघे गेलेत, पण ‘एकदा तरी शिखरावर उभी राहीन’ म्हणतात. दक्षिणेतलं सगळ्यात उंच शिखर त्यांना दाखवता येईल का?” – नाशिक

दाखवता येईल, उभं करता येणार नाही. सगळ्यात उंच अनामुडी, 2,695 मीटर. ते केरळात, मुन्नारजवळच्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात आहे. पर्यटकांना राजमलाच्या भागात वन खात्याच्या बसने नेतात. तिथून रस्त्याने थोडं चालायचं आणि ते काळं डोकं लांबून बघायचं. मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये जाऊ नका. निलगिरी ताहर नावाच्या रानबोकडांच्या विणीचा तो काळ, उद्यान बंद असतं. एरवी हे प्राणी इतके धीट की सासूबाईंपासून चार हातांवर येऊन चरतील.

पायाखाली शिखर हवंच असेल तर उटीजवळचं दोड्डबेट्टा, 2,637 मीटर. गाडी थेट माथ्यावर जाते. पण खरं सांगते, मला ती जागा आवडत नाही. दुर्बिणीची इमारत, मक्याची कणसं, रांगा, आणि दहा वाजले की धुकं. जायचंच तर सकाळी फाटक उघडताना जा, सासूबाईंना कठड्याशी नेऊन फोटो काढा आणि खाली या.

त्यापेक्षा निलगिरीतल्याच कोटागिरीच्या पुढचं कोडनाड बघा. चहाच्या मळ्यांतून रस्ता जातो, गाडीपासून चार पावलं चाललं की जमीन संपते. खाली मोयार नदीचं खोरं, समोर एकटं उभं असलेलं रंगस्वामी शिखर. माझ्या नणंदेला हृदयाचा त्रास आहे. ती तिथे बाकावर पाऊण तास बसली आणि काही बोलली नाही. तिला ओळखणाऱ्यांना हे किती विशेष आहे ते कळेल.

“आम्ही चौघं मित्र. जुलैत मुळ्ळय्यनगिरी आणि कुद्रेमुख बाइकवरून करायचा बेत आहे.” – कोल्हापूर

मुळ्ळय्यनगिरी कर्नाटकातलं सगळ्यात उंच, 1,930 मीटर. गाड्या बऱ्याच वरपर्यंत जातात, मग पायऱ्या आणि वर देऊळ. जुलैत तिथे काही दिसणार नाही हे मनाशी धरूनच जा. वारा असा की बोलणं शेजाऱ्याला ऐकू जात नाही. शेजारच्या बाबा बुडनगिरीवर मात्र जरा थांबा. सतराव्या शतकात मक्केहून येताना बाबा बुडन यांनी येमेनमधून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि इथे लावल्या, अशी आख्यायिका आहे. चिक्कमगळूरुतली कॉफी पिताना त्यांना एक नमस्कार.

कुद्रेमुखला (कन्नडमध्ये ‘कुदुरे’ म्हणजे घोडा) वन विभागाची परवानगी आधी ऑनलाइन काढावी लागते आणि रोज ठरावीकच माणसं सोडतात. ‘बघू तिथे गेल्यावर’ हा कोल्हापुरी बाणा तिथे चालत नाही. येऊन-जाऊन वीसेक किलोमीटरची चाल आहे, ओढे पार करायचे आहेत आणि जळवा! मिठाची पुरचुंडी जवळ ठेवा. चिकटलेली जळू ओढू नका, मीठ टाकलं की आपोआप सुटते. माझं मत विचाराल तर सप्टेंबर संपताना जा. हिरवं तेवढंच असतं आणि डोंगर दिसतोसुद्धा.

“अनामुडी आमच्या कळसूबाईपेक्षा हजार मीटर उंच म्हणता. मग हा आपलाच सह्याद्री कसा?” – अकोले

पत्रातला राग पोचला. 2,695 वजा 1,646, म्हणजे 1,049 मीटर. इलाज नाही. पण प्रश्न फार चांगला आहे. डोंगराची रांग एकच, दगड वेगळा. कळसूबाई लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाली, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे, काळे, कडे तुटलेले. किल्ला बांधायला निम्मं काम निसर्गानेच केलेलं. निलगिरीचा दगड चार्नोकाइट, वय अडीचशे कोटी वर्षांच्या घरातलं. झिजून झिजून त्याच्या पाठी गोल झाल्या. अनामुडी या नावातच ‘आना’ म्हणजे हत्ती आहे, आणि समोर उभं राहिलं की नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. वर गवत, घळीघळींत बुटक्या झाडांची दाट राई. त्या राईला तिकडे शोला म्हणतात. पावसाचं पाणी तीच धरून ठेवते.

रांग मध्ये एकदाच नीट तुटते, पालघाटच्या खिंडीत. तीसेक किलोमीटरची ती फट. उत्तरेला निलगिरी, दक्षिणेला अनामुडीची अनैमलै रांग. रेल्वेने कोइम्बतूरहून केरळात जाताना दोन्ही बाजूंचे डोंगर लांब सरकतात आणि वारा डब्यात शिरतो, तीच ती. तेव्हा तुमची कळसूबाई धाकटी आहे, उंचीने आणि वयानेही. धाकटीचं कौतुक जास्तच असतं.

“नीलकुरिंजी पुन्हा कधी?” – ठाणे, बेळगाव, इंदूर आणि आणखी सात जण

ही या डोंगरांतली निळ्या फुलांची झुडुपवजा वनस्पती, 12 वर्षांनी एकदा फुलते. मुन्नारच्या बाजूला 2006 ला फुलली, तेव्हा मी गेले होते. जवळून पाहिलं तर एकेक फूल अगदी साधं, घंटेसारखं. लांबून मात्र डोंगर निळसर जांभळा. 2018 ला तिकिटं काढून ठेवली आणि ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला. आता 2030. गुडघ्यांना रोज रात्री तेल चोळते आहे.