मोडीत घालायच्या आधी एकदा विचारा

प्रश्न: जुन्या नाशकातला आमचा वाडा पाडतोय. माळ्यावर तांब्याची पातळ वाटी सापडली, बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक आहे. मोडीत देऊन टाकू का?

अहो थांबा, अजिबात देऊ नका! ते भोक मुद्दाम पाडलेलंय, हे घटिकापात्र आहे. घंगाळात पाणी घेऊन त्यावर ही वाटी अलगद तरंगत सोडायची, भोकातून पाणी आत येत राहतं आणि २४ मिनिटांनी वाटी बुडते, ती झाली एक घटका, अशा ६० घटका म्हणजे एक दिवस नि एक रात्र. पूर्वी लग्नघरी जोशीबुवा सूर्योदयाला किंवा सूर्यास्ताला वाटी सोडायचे आणि कितीदा बुडाली ते मोजून मुहूर्ताची वेळ काढायचे, म्हणजे कुणीतरी सतत तिथे नजर लावून बसायलाच हवं. आपण अजूनही "घटकाभर बस ना" म्हणतो, ती घटका हीच.

घरी करून बघा, बादलीत स्वच्छ पाणी घ्या आणि मोबाईलवर टायमर लावा. वेळ जास्त लागला तर भोकात मळ बसलाय, फार लवकर बुडाली तर कधीतरी कुणीतरी दाभण घालून भोक मोठं केलंय. म्हणून हात जोडून सांगतो, त्यात टाचणीसुद्धा घालू नका आणि चिंच लावून घासूही नका, वाटी झिजली की वजन बदलतं आणि वेळही बदलते.

प्रश्न: पितळेचा मोर आहे, खाली चौकोनी खरखरीत बूड, हलवलं की आत खुळखुळतं. सासूबाईंनी देवघरात ठेवलाय. कुठल्या पूजेचा असतो?

ताई, ही वज्री. आंघोळीच्या वेळी टाचा घासायची. खुळखुळ आतल्या खड्यांची, आणि मोर म्हणजे धरायची मूठ. बूड बघा, जिथे जास्त गुळगुळीत झालंय तिथे कुणाच्यातरी टाचा वर्षानुवर्षं घासल्या गेल्यात, मला तर ती झीज मोरापेक्षा सुंदर वाटते. सासूबाईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण घरातल्या बायकांच्या हातातली वस्तू आहे, मानानं ठेवली तर बिघडलं काय?

प्रश्न: सिन्नरच्या घरी लोखंडी कडीला चार-पाच वाकडे आकडे लावलेत. शिकारीचं आहे का?

नाही हो, हा गळ. आडात बादली किंवा कळशी पडली की दोराला बांधून खाली सोडायचा आणि तळाशी फिरवत राहायचं, कुठेतरी कडी अडकतेच.

प्रश्न: निफाडला आजोबांच्या कोठीत पितळेची लहान-मोठी मापं आहेत, सगळ्यात मोठ्याला आजी पायली म्हणते. किती किलोची?

दादा, किलोत विचारलंत तर एक आकडा सांगताच येणार नाही, कारण ही वजनाची नाहीत, आकारमानाची मापं आहेत. त्याच पायलीत बाजरी भरा आणि पोहे भरा, वजनात केवढा फरक पडेल! ४ चिपटी म्हणजे १ शेर, ४ शेर म्हणजे १ पायली, पण गावोगावी शेर लहानमोठा असायचा, त्यामुळे निफाडची पायली दुसरीकडे जुळेलच असं नाही. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि पुढच्या काही वर्षांत ही बाजारातून गेली. काठावर शिक्का आहे का ते उजेडात धरून बघा आणि फोटो पाठवा. आणि हो, आजीला बोलावून तिच्याच हातानं एकदा पायली भरून घ्या, शीग लावून भरायची की सपाट, ते तिलाच ठाऊक असणार.