‘एन्टायटलमेंट’ला ‘हक्काची भावना’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: उपासनेतल्या छोट्या मननासाठी ‘एन्टायटलमेंटची भावना (अमुक मला मिळायलाच हवं, असं वाटणं) असूनही ख्रिस्ती श्रद्धेत समाधान आणि आशा कशी मिळते’ असा विषय मराठीत मांडायचा आहे. ‘एन्टायटलमेंट’ला ‘हक्काची भावना’ चालेल का? आणि ‘समाधान’ घ्यावं की ‘संतोष’?

‘हक्काची भावना’ घेऊ नका, असं मी आग्रहानं सांगेन. ‘हक्काचं माणूस’, ‘हक्कानं सांग’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात जवळीक असते. शिवाय ज्याचा हक्क खरोखरच डावलला गेला आहे, असा कोणी समोर बसला असेल तर त्यानं काय समजायचं? याकोबाच्या पत्रात (5:4) कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, आणि कामकऱ्यांचा आक्रोश देवाच्या कानी पोहोचला आहे. घामाचे पैसे मागणाऱ्याला कुणी समाधानाचा उपदेश करू नये.

तुम्हाला जे म्हणायचं आहे त्याला मराठीत हिशेबातला एक शब्द नेमका बसतो: ‘येणं’. जगाकडे, घरच्यांकडे, अगदी देवाकडेही माझं काही येणं आहे, ते मिळालेलं नाही आणि दुसऱ्याला मात्र मिळतंय, ही ती भावना. ‘येणं’ घेतलंत की प्रभूची प्रार्थना आपोआप शेजारी येते. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ (मत्तय 6:12). तिथला मूळ ग्रीक शब्दही देण्याघेण्याच्या व्यवहारातलाच आहे. आपण ही प्रार्थना इतकी पाठ म्हणतो, की आपली वसुली सोडल्याचं देवासमोर कबूल करतो आहोत हे लक्षातच येत नाही.

या भावनेचं सर्वांत जवळून काढलेलं चित्र लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात, येशूनं सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीत आहे. धाकटा मुलगा बापाचा पैसा उधळून परत आलेला, घरात मेजवानी, आणि थोरला दाराबाहेर. तो बापाला ऐकवतो, की इतकी वर्षं तुमच्यासाठी राबलो, एकही आज्ञा मोडली नाही, तरी मित्रांबरोबर मौज करायला साधं करडूसुद्धा दिलं नाहीत. ‘राबलो’साठी ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे ते दास म्हणून खपण्याचं. मुलगा असून तो चाकराचा हिशेब मांडतो आहे. बाप त्याचा हिशेब खोडत बसत नाही. तो त्याला बाळा म्हणतो. तू सदैव माझ्याजवळ आहेस, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे, एवढंच सांगतो. करडू मागणाऱ्याला सगळं घरच आधीपासून मिळालेलं आहे. मला वाटतं, तुमच्या मननाचा गाभा इथेच आहे: येणं सुटतं ते असं, वारसा आधीच हाती आहे हे कळल्यावर.

वारशासाठी मराठी बायबलनं ‘वतन’ हा शब्द घेतला आहे, आणि ही निवड मला फार आवडते. वतन म्हणजे वंशपरंपरेनं चालत आलेला अधिकार. वतनदार तो कुणाला सोडत नसे. पण डोंगरावरच्या प्रवचनात ‘पृथ्वीचे वतन’ भोगणार ते सौम्य लोक (मत्तय 5:5). पेत्राच्या पहिल्या पत्रात (1:3-4) ‘आशा’ आणि ‘वतन’ लागोपाठ येतात. आशा जिवंत आहे, कारण ती येशूच्या पुनरुत्थानावर उभी आहे. आणि वतन नाश न पावणारं, स्वर्गात राखून ठेवलेलं. एरवी मराठीत ‘आशा’ थोडी बदनामच. ‘आशेला लावणं’, ‘आशाळभूत’ यांत कुणाच्या तरी हाताकडे डोळे लागलेले असतात. तेव्हा नुसतं ‘आशा’ न म्हणता ‘जिवंत आशा’ म्हणा.

आता ‘समाधान’ की ‘संतोष’. नाम कोणतंही घ्या. बोली भाषेत ‘समाधान’ जास्त रुळलेला आहे. खरा प्रश्न क्रियापदाचा आहे. ‘समाधान मानलं’ म्हटलं की हवं ते न मिळाल्याचा सुस्कारा ऐकू येतो. ‘समाधान मिळालं’ म्हटलं की ते बाहेरून येऊन पडल्यासारखं वाटतं. प्रेषित पौल या दोन्ही गोष्टी म्हणत नाही. फिलिप्पैच्या मंडळीनं पाठवलेल्या मदतीची पोच देताना, स्वतः बंदिवासात असताना, तो म्हणतो की असेल त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो (फिलिप्पैकरांस पत्र 4:11). तिथला ग्रीक शब्द स्टोइक (परिस्थितीनं विचलित न होण्याची शिकवण देणाऱ्या प्राचीन) तत्त्वज्ञांच्या वापरातला, ‘आपला आपल्याला पुरेसा’ अशा अर्थाचा. पण दोनच वाक्यांनंतर पौल आपलं बळ ख्रिस्ताकडून येतं असं सांगतो. त्याच्याच करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (12:9), ‘शरीरातला काटा’ (सतत सलणारा एक त्रास) काढून टाक अशी प्रभूला तीनदा विनंती केल्यावर त्याला उत्तर मिळतं, की माझी कृपा तुला पुरे आहे. त्या ‘पुरे’चा धातू आणि या समाधानाचा धातू एकच. काटा मात्र निघाला असं पौल कुठेही लिहीत नाही, आणि मननात ही गोष्ट गाळू नये.

एक किरकोळ सूचना: मंडळीत ‘श्रद्धा’पेक्षा ‘विश्वास’ हा शब्द वापरातला आहे, तोच ठेवा. मी विषय असा लिहीन: ‘माझं येणं बाकी आहे असं वाटत असतानाही, ख्रिस्तावरच्या विश्वासात समाधानी राहायला आणि जिवंत आशा धरायला कसं शिकावं?’ शीर्षक म्हणून लांब वाटलं तर ‘येणं आणि वतन’ एवढंही चालेल.