जुन्या फोक्सवॅगन कॅम्पर व्हॅनचं इंजिन घरच्या घरी उतरवता येईल का?

येईल. तुम्ही लिहिलंय की गाडी बे विंडो (पुढची काच एकसंध आणि वक्र असलेलं मॉडेल) आहे, इंजिन 1600 सीसीचं, क्लच घसरतोय आणि इंजिन उचलायला तुमच्याकडे क्रेन नाही. क्रेन लागतच नाही. या गाडीचं इंजिन मागे असतं आणि ते खालून निघतं. गिअरबॉक्सला ते चार ठिकाणी जोडलेलं असतं, दोन वर, दोन खाली. म्हणून 'चार बोल्टांचं काम' असं सर्रास सांगितलं जातं. बोल्ट चारच आहेत, पण इंजिन साधारण 110 किलोचं आहे. या कामातला खरा पेच गाडीच्या उंचीचा आणि इंजिनच्या भाराचा आहे, त्यामुळे पाना हातात घेण्याआधी या दोन गोष्टींची व्यवस्था करा.

आधी उंची. जागा सपाट आणि काँक्रीटची हवी. हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो आणि तुम्ही नेमकी तीच चाकं उचलणार आहात, म्हणजे त्याचा काही उपयोग नाही. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावा. गाडी चॅसीच्या मजबूत भागाखाली स्टँड लावून टेकवा. विटा नकोत, नुसत्या जॅकवर तर अजिबात नको. खाली शिरण्याआधी गाडी जोर लावून हलवून बघा.

किती उचलायची हे मॉडेलच्या वर्षावर ठरतं. 1971 पर्यंतच्या बे विंडोमध्ये बंपरमागचा खालचा पत्रा स्क्रू काढून सुटतो. तसा असेल तर बंपर आणि पत्रा काढा, इंजिन जवळजवळ सरळ मागे ओढता येतं आणि गाडी फार उचलावी लागत नाही. 1972च्या मॉडेलपासून हा पत्रा वेल्ड केलेला आहे. मग इंजिन आधी खाली आणि नंतर पत्र्याखालून बाहेर. जॅक पूर्ण खाली असताना इंजिनचा माथा पत्र्याच्या कडेपेक्षा खाली यायला हवा. टेपने आधीच मोजून ठेवा. उंची कमी पडत असेल तर इंजिन जाड फळीवर उतरवा, जॅक काढून घ्या आणि मग गाडी आणखी वर घ्या.

आता सोडवासोडव. पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह तार. मग पेट्रोलचा पाइप. टाकी इंजिनपेक्षा उंचावर असते, त्यामुळे पाइप सुटला की पेट्रोल आपोआप वाहू लागतं. पाइप आधी क्लॅम्पने दाबा, सुटलेल्या तोंडात योग्य मापाचा बोल्ट घालून आवळा. इथे मी हट्टाने सांगेन, अग्निशामक हाताशी ठेवा आणि जवळपास कुठलीही ठिणगी होऊ देऊ नका. या 1600 इंजिनची केसिंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते. ती पेटली तर पाण्याने विझत नाही, उलट भडकते.

तारा काढताना प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नाव लिहा आणि आधी फोटो काढा. अल्टरनेटर, कॉइल, ऑइल प्रेशरचा स्विच, कार्ब्युरेटरवरचा चोक, हे सगळं सोडवायचं. हीटरचे जाड पाइप आणि खालच्या झडपांच्या केबलीही. अ‍ॅक्सिलरेटरची केबल कार्ब्युरेटरपाशी सोडून पंख्याच्या घरातल्या नळीतून पुढे ओढून घ्यावी लागते; ही विसरली तर इंजिन मागे सरकताना ती ताणली जाते. क्लचच्या केबलला हात लावू नका, ती गिअरबॉक्सकडे राहते.

चार बोल्टांपैकी त्रास देतो तो वरचा उजवा. तो स्टार्टरलाही धरून ठेवतो आणि त्याचा नट पंख्याच्या पत्र्यामागे असतो. दिसत काहीच नाही, हात घालून चाचपडत 17चा रिंग पाना बसवावा लागतो. पुष्कळ गाड्यांत या बोल्टचं डोकं एका बाजूने कापलेलं, इंग्रजी डी अक्षरासारखं असतं, म्हणजे ते स्टार्टरच्या अंगाला टेकून अडतं आणि बोल्ट फिरत नाही. तुमच्या गाडीत कोणी साधा बोल्ट बसवला असेल तर खाली दुसरा माणूस पाना धरायला लागेल. तसाही दुसरा माणूस हवाच.

वरचे दोन्ही सुटले की ट्रॉली जॅक इंजिनखाली मधोमध, लाकडी फळी ठेवून लावा. ऑइलच्या जाळीखालचं झाकण पातळ असतं, भार त्यावर येऊ देऊ नका. भार जॅकवर आल्यावरच खालचे दोन नट आणि इंजिनच्या मागच्या आडव्या पट्टीचे बोल्ट सोडा. गिअरबॉक्सलाही पट्ट्याने किंवा दुसऱ्या जॅकने आधार द्या, इंजिन गेलं की तो झुकतो.

यानंतर मात्र घाई नको. सगळं सुटलं तरी इंजिन चिकटल्यासारखं बसून राहील. आडवं हलवत हलवत सरळ मागे ओढा आणि सांध्याच्या फटीकडे लक्ष ठेवा. ती वर-खाली सारखी उघडायला हवी. वर जास्त उघडली तर इंजिनचा मागचा भाग झुकलाय, जॅक किंचित उचला. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण सुटायला इंजिन साधारण 10 सेंटिमीटर मागे यावं लागतं. त्याआधी जॅक खाली सोडलात तर इंजिनचा सगळा भार शाफ्टवर लटकतो आणि क्लच प्लेट वाकते. टॉर्चच्या उजेडात शाफ्टचं टोक मोकळं दिसलं की मगच खाली घ्या, अगदी हळू.

क्लच घसरत होता म्हणून नुसती प्लेट बदलून परत चढवू नका. प्लेट तेलकट असेल तर तेल कुठून येतंय ते शोधा. फ्लायव्हीलमागचं (क्रँकशाफ्टच्या टोकावरच्या जड चाकामागचं) सील गळत असेल तर इंजिन ऑइल, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील गळत असेल तर गिअर ऑइल, आणि गिअर ऑइलचा उग्र वास लगेच ओळखू येतो. फ्लायव्हील काढलंत तर क्रँकशाफ्टची पुढेमागे होणारी हालचाल मोजा, ती 0.07 ते 0.13 मिलिमीटरमध्ये हवी. फ्लायव्हीलचा मधला मोठा नट सुमारे 340 न्यूटन-मीटरने आवळायचा असतो, लांब दांडा लागेल. रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) आणि पेट्रोलचे रबरी पाइप मी अशा वेळी सरळ नवेच घालते, कारण पुन्हा तिथे हात पोचत नाही. चढवताना इंजिनचे चारही नट 30 न्यूटन-मीटरलाच थांबवा, त्यापुढे केसिंगचे आटे जातात.