निकॉन डी५६०० कॅमेऱ्यावर सोबत आलेल्या १८-५५ किट लेन्सऐवजी कुठली प्राइम (झूम नसलेली लेन्स) घेऊ, ३५ एमएम की ५०?

घरातले, मुलांचे फोटो जास्त काढत असाल तर डोळे झाकून ३५ एमएम एफ/१.८ जी डीएक्स घ्या. या बॉडीचा क्रॉप १.५ आहे (सेन्सर लहान, म्हणून दृश्य तितकं अरुंद दिसतं), म्हणजे ५० ची लेन्स ७५ सारखी दिसते आणि वन बीएचकेत मागे सरकून सरकून पाठ भिंतीला लागते, पोर्ट्रेटला मात्र तीच भारी. किट ५५ वर एफ/५.६ पर्यंतच उघडते, १.८ ला जवळपास १० पट उजेड आत येतो, हा फरक संध्याकाळी घरात लगेच कळतो. आणि ५० च घ्यायची ठरली तर स्वस्त मिळते म्हणून जुनी डी वाली नका घेऊ, त्या लेन्समध्ये स्वतःची फोकस मोटर नसते आणि डी५६०० च्या बॉडीतही ती नाहीये, सगळा फोकस हाताने करावा लागेल! आधी किटच ३५ वर ठेवून आठवडाभर वापरून बघा ना.